बालीगंजचा पारवागड

सरलाबाईंच्या बोटांचे ठसे त्या वर्षी कोलकात्यातल्या बालीगंजात माणूस आत उभा राहील एवढे मोठे झाले, आणि ते बघायला लोक हावड्याहून बसने आणि बजबजहून लोकलने आले. हे कसं घडलं ते नीट सांगायला हवं, नाहीतर त्यांच्या सुनेसारखं तुम्हालाही वाटेल की म्हातारीनेच काहीतरी उद्योग करून ठेवला. सरलाबाईंनी काहीही केलं नव्हतं. त्यांनी दिवाळीत किल्ला केला होता, दरवर्षी करतात तसा.

आता दिवाळीतला किल्ला म्हणजे पोरांचं काम. विटांचे तुकडे रचायचे, त्यावर गोणपाट टाकायचं, गोणपाटावर चिखल थापायचा, हळीव पेरायचे, ते उगवले की झालं जंगल. पण सरलाबाईंना त्र्याहत्तराव्या वर्षीही किल्ल्याशिवाय दिवाळी आल्यासारखी वाटत नसे. मुलगा श्रीकांत सरकारी बँकेत. त्याची बदली होईल तिथे त्या चिखल कालवत. भोपाळला कालवला, विशाखापट्टणमला कालवला आणि कोलकात्याला आल्यावर इमारतीच्या गच्चीत कालवला. गावं बदलली, किल्ला एकच राहिला, पारवागड.

पारवागड त्यांच्या माहेरच्या गावाच्या अगदी डोक्यावर. सकाळी दात घासताना दिसायचा, रात्री झोपताना दिसायचा, फक्त वर जाता यायचं नाही. दसऱ्याला गावातले पुरुष आणि मुलगे गडावरच्या देवीला झेंडूची माळ घालायला चढत. मुलींना नेत नसत. का नेत नाहीत असं विचारलं की आजी म्हणायची, वारा लागतो. मुलग्यांना तो का लागत नाही हे विचारायची सोय नव्हती. अर्ध्या वाटेवर मेट होतं, म्हणजे जुन्या काळच्या पहारेकऱ्यांची जागा. तिथे सगळ्यांनी वहाणा काढायच्या आणि पुढे अनवाणी जायचं, एवढं सरलाला ऐकून माहीत होतं.

सरलाचा थोरला भाऊ श्यामराव दरवर्षी जायचा. दिवेलागणीला परत आला की सरला उंबऱ्यात बसलेलीच असायची. "दादा, वर काय आहे रे?" श्यामराव आधी पाय धुवायचा. मग तांब्याभर पाणी सावकाश प्यायचा. तोंड पुसायचा. सरलाचा जीव अगदी मेटाकुटीला आला की मग सांगायचा.

"वर तळं आहे. आरशासारखं. त्यात बदक आहे, बैलाएवढं."

पुढच्या दसऱ्याला दरवाजापेक्षा उंच वाघ निघाला, पण म्हातारा, कुणाला काही करत नाही. त्याच्या पुढच्या दसऱ्याला आणखी काही. "मला ने ना," सरला म्हणायची, आणि श्यामराव तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणायचा, "मोठी झालीस की नेईन."

सरला मोठी झाली, लग्न होऊन नागपूरला गेली. माहेरपणाला यायची तेव्हा कधी पोटात बाळ, कधी पाऊस, कधी घरात लग्नकार्य. एकदा अगदी ठरलंच होतं, तर ऐन वेळी श्यामरावाची कंबर धरली. मग सरलाबाईंचे गुडघे दुखायला लागले. डॉक्टरांनी सांगितलं, जिने कमी करा. गड तर सोडाच. बदक बैलाएवढं नसणार हे काय त्यांना कळत नव्हतं? पण तळं असणार, काहीतरी तरंगत असणार, दादाने काहीतरी बघितलेलं असणार. ते काय असेल ते आता या जन्मी दिसायचं नाही, हे दुःख त्या कुणाला बोलून दाखवत नसत. दर दिवाळीला चिखलात हात घालून दादाने सांगितलेलं सगळं जसंच्या तसं वर मांडून ठेवत.

तर मागच्या दिवाळीत, तिकडच्या कालीपूजेच्या वेळी, पाड्यातल्या म्हणजे मोहल्ल्यातल्या पूजा कमिटीचे सेक्रेटरी भोम्बोलदा दिव्यांच्या माळा कुठून सोडायच्या ते बघायला गच्चीवर आले. पोट मोठं, मन त्याहून मोठं, आणि डोक्यात बाराही महिने पुढच्या वर्षीचा मांडव. किल्ला बघून ते जागच्या जागी थांबले.

"माशीमा, ये क्या है?"

"हमारे गाव का किल्ला है," सरलाबाई म्हणाल्या. त्यांचं हिंदी जेमतेमच.

"पुराना जमाने का? सच में ऐसा ही है?"

"एकदम ऐसा. मेरा भाई खुद चढा है. शेर बूढा है, कुछ नही करता."

भोम्बोलदांनी पोटावर आडवं होऊन चारही बाजूंनी फोटो काढले. सरलाबाईंना वाटलं, हौस आहे बिचाऱ्याला. त्यांनी त्याला एक चकली दिली.

श्रावणात कमिटी संदेश मिठाईचा डबा घेऊन घरी आली आणि जाहीर केलं की यंदाच्या दुर्गापूजेच्या मांडवाची थीम महाराष्ट्रातला डोंगरी किल्ला, मध्ययुगीन, अस्सल. श्रीकांतची छाती फुगली. त्याने खऱ्या किल्ल्यांचे फोटो पाठवायची तयारी दाखवली. भोम्बोलदांनी दोन्ही हात हलवले. गरज नाही, माशीमांचं ओरिजिनल आमच्याकडे आहे. श्रीकांतला वाटलं, आईने एखादं पुस्तक दिलं असेल. त्याने पुढे चौकशी केली नाही, कारण बँकेत त्या आठवड्यात ऑडिट होतं.

बंगाली कारागीर नक्कल करतो ती मनापासून करतो. नवरात्रात चतुर्थीला पडदा निघाला तेव्हा मैदानात चार मजली पारवागड उभा होता, बांबूंच्या सांगाड्यावर, बजबजच्या गिरणीतलं गोणपाट गुंडाळून, वर तांबडा चिखल. आणि दरवाजाशेजारी वाघ बसला होता, दरवाजापेक्षा हातभर उंच, पिवळाधमक, कारण सरलाबाईंचा प्लास्टिकचा वाघ तेवढा होता. बुरुजावर भाला घेतलेल्या मावळ्याऐवजी शिट्टी फुंकणारा वाहतूक पोलीस उभा होता, कारण मावळा भोपाळच्या बदलीत हरवला आणि मिळाला तो पोलीस. दुसऱ्या बुरुजाचा घुमट म्हणजे चहाची गाळणी, दांड्यासकट. कड्यांवर हिरवा ताग पिंजून हळिवाचं जंगल केलं होतं. आणि तटबंदीवर, चिखल दाबताना सरलाबाईंची बोटं उमटली होती तिथे, खालून वरपर्यंत पाच लांब खोल पन्हळी कोरल्या होत्या. एका दाढीवाल्या कलासमीक्षकाने टीव्हीवर सांगितलं की या सह्याद्रीतल्या पाच नद्या आहेत.

मंजुषाने, म्हणजे सुनेने, ते बघितलं आणि ती रस्त्यातच खाली बसली. "आई, ती गाळणी," ती म्हणाली. "ती आपली गाळणी आहे."

"हो. मी म्हटलं होतं तुला, सापडत नाहीये ती किल्ल्यावर आहे म्हणून."

"अहो, अष्टमीला महाराष्ट्र मंडळाची सगळी माणसं येणार बघायला. काय सांगायचं त्यांना? शिवकाळात गाळण्या होत्या?"

श्रीकांतने घरी येऊन पाणी मागितलं आणि सांगितलं की आपल्याला कुणी विचारलं तर आपण मूळचे इंदूरचे. पण लोक खूश होते. लोक इतके खूश होते की रांग बाजारापर्यंत गेली. वाघाबरोबर फोटो काढायला तर झुंबड, आणि कर्ण्यावरून दर पाच मिनिटांनी बंगालीत घोषणा होत होती की वाघ फार वृद्ध आहे, तो कुणाला इजा करत नाही, कृपया पुढे सरका.

सरलाबाईंना एवढंच कळलं की पारवागड घरापासून दोन गल्ल्यांवर आलाय आणि त्याला वर जायला फळ्यांची रुंद, सावकाश चढण आहे, दोन्ही बाजूंना बांबूचे कठडे आहेत. मध्येमध्ये बसायला बाक आहेत. सगळ्यात वर, तटाच्या आत, खालून दिसत नाही अशा जागी देवी बसवली आहे. त्या रात्री त्यांनी गुडघ्यांना दोनदा तेल चोळलं. श्रीकांत म्हणाला, आई, वर जायचं नाव काढू नकोस. त्यांनी नाव काढलं नाही. पुण्याला फोन केला.

"दादा, नीघ. वेळ झाली."

श्यामराव षष्ठीच्या सकाळी हावड्याला उतरले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, काटक, रोज पहाटे पर्वतीच्या पायथ्याशी फेऱ्या मारणारे. गुडघे अजून शाबूत आणि त्याचा त्यांना माफक गर्वही. टॅक्सी हावडा पुलावर आली तशी त्यांनी डोळे मिटून घेतले. धूळ फार आहे म्हणाले. वाटेत कालीघाटला दर्शनाला थांबले तर आत गेलेच नाहीत. गर्दीत चपला जातात, तुम्ही या जाऊन, मी बसतो इथे. घरी पाचव्या मजल्यावर चहा गॅलरीत घेऊ म्हटलं तर नको म्हणाले, वारा लागतो. सरलाबाईंचं यातल्या कशाकडेही लक्ष नव्हतं. त्या साडी बदलत होत्या.

श्रीकांत बँकेत गेला होता. दुपारी, गर्दीचा जोर नव्हता तेव्हा, तिघं निघाली. मंजुषा बरोबर आली ती कुणी ओळखीचं भेटतंय का ते बघायला.

गडासमोर आल्यावर श्यामराव थांबले. त्यांनी वाघाकडे बघितलं. पोलिसाकडे बघितलं. परत वाघाकडे बघितलं.

"सरले, हा वाघ..."

"तूच सांगितलेला."

"एवढा सांगितला होता मी?"

"दरवाजापेक्षा उंच. म्हातारा आहे, काही करत नाही. ऐक, तेच सांगतायत वरून."

श्यामराव हसायला लागले. आधी नुसते खांदे हलले, मग हसू आवरेना, मग डोळ्यांतून पाणी. चष्मा काढून पुसला, घातला, वाघ दिसला, परत सुरू. ते बघून सरलाबाई हसल्या, सासूला हसताना बघून मंजुषाही हसली, आणि रांगेतल्या अनोळखी बायका काही न कळता हसू लागल्या. भोम्बोलदा धावत आले. माशीमांचा चढलेला भाऊ तो हाच, हे कळल्यावर त्यांनी श्यामरावांच्या पायांना हात लावला, गळ्यात कमिटीचा बिल्ला अडकवला आणि रांग सोडून तिघांना थेट दरवाजाशी आणलं. तिथे चपला काढायच्या होत्या. वरती देवी होती, आणि चढणीवर तागाचं नवं कोरं जाजम होतं.

सरलाबाईंनी चपला काढल्या. पदर खोचला. भावाकडे वळल्या. हे वाक्य त्यांनी मनात इतक्या वेळा म्हटलं होतं की ते तोंडातून अगदी साधं बाहेर आलं.

"दादा, मी मोठी झाले. आता ने."

श्यामरावांनी वर बघितलं. चढण वळणं घेत घेत गाळणीच्या घुमटामागे नाहीशी होत होती. त्यांनी बांबूच्या कठड्यावर हात ठेवला, एक पाऊल फळीवर टाकलं, फळी जराशी हलली, आणि त्यांनी पाऊल मागे घेतलं.

"तू हो पुढे. चपलांजवळ कुणीतरी बसायला हवं."

"चपलांना काय होतंय? भोम्बोलदांची माणसं आहेत."

"गर्दी आहे. जातात. तू जा मंजुषाबरोबर."

सरलाबाईंना भयंकर राग आला. इतकी वर्षं कंबर, पाऊस, लग्नकार्य, आणि आज सगळं जुळून आलं तर चपला. डोळे भरून आले म्हणून त्या पटकन वळल्या आणि चढायला लागल्या. त्या तावात पहिलं वळण कधी गेलं ते गुडघ्यांना कळलंच नाही.

गुडघ्यांना ते दुसऱ्या वळणावर कळलं. पहिल्या बाकावर त्या बसल्या आणि मंजुषा म्हणाली, "आई, पुरे. इथूनही छान दिसतंय." मेट असंच कुठेतरी असेल, सरलाबाईंच्या मनात आलं, अर्ध्यावर. इथून परत जायचं म्हणजे पुन्हा कधी नाही. त्या उठल्या. एक पाय, मग त्याला जोडून दुसरा, लहान मूल चढतं तसं. पुढे चढण तटाला लागूनच जात होती आणि तिथे ती पहिली पन्हळ आली. सरलाबाईंनी आत हात घातला. दोन्ही बाजू गुळगुळीत, आणि तळाशी कारागिराने बोटावरच्या रेषासुद्धा काढल्या होत्या, त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा, वेळूएवढ्या जाड.

"मंजुषा, हे माझं बोट आहे."

मंजुषाने आधी नको नको म्हटलं, मग जवळ जाऊन बघितलं, आणि तिला गाळणीचा, मंडळाचा, इंदूरचा विसर पडला. ती त्या बोटात शिरून उभी राहिली आणि सासूला म्हणाली, "या आत, फोटो काढू." दोघींनी फोटो काढले. अंगठ्यात, तर्जनीत, करंगळीत तर दोघी एकदम शिरल्या आणि अडकल्या, आणि मागून येणाऱ्या बजबजच्या बायकांनी ओढून बाहेर काढलं. त्या बायकांनी मग सरलाबाईंना सोडलंच नाही. एकीने डावा दंड धरला, एकीने उजवा, तिसरी मागून कमरेला हात लावून, आणि सगळ्या मिळून बंगालीत काहीतरी ठेक्यात म्हणत त्यांना वर नेऊ लागल्या. सरलाबाईंना हसता हसता धाप लागली. पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते कळेना.

आणि मग चढण संपली.

तटाच्या आत मोकळी जागा होती. समोर देवी, डोळे मोठे, मुद्रा प्रसन्न, तिच्यापुढे झेंडूच्या माळांचा ढीग. आणि देवीच्या पायाशी तळं होतं, खरंखुरं आरशाचं, सरलाबाई किल्ल्यावर घडीचा आरसा ठेवून करत तेच, फक्त अंगणाएवढं. आणि तळ्यात बदक होतं. पिवळं, नारिंगी चोचीचं, बैलाएवढं.

सरलाबाई बदकाकडे बघत राहिल्या. मग वाकून तळ्यात बघितलं. आत बदक उलटं होतं, आकाश होतं आणि आकाशात पदर खोचलेली एक म्हातारी होती, केस विस्कटलेली, तोंडभर हसणारी. त्यांना गरगरलं. गरगरलं तेही आवडलं. तटाच्या फटीतून त्यांनी बाहेर बघितलं तर रुळांवरून लोकल चालली होती, सगळ्या घरांच्या गच्च्या दिसत होत्या, आणि त्यांतच आपली गच्ची, आपल्या कुंड्या. मुलींना लागायचा म्हणत तो वारा सुटला होता आणि तो सरलाबाईंना चांगला लागला. इतका आनंद त्यांना श्रीकांत झाला तेव्हाही झाला नव्हता, असं त्यांनी मंजुषाला तिथेच सांगितलं, आणि हे त्याला सांगू नकोस असंही.

हात हलवायला म्हणून त्यांनी खाली दादाला शोधलं. दादा वर बघत नव्हता. दरवाजाशी चपलांच्या तीन जोडांपुढे बसला होता, दोन्ही हातांनी बाक घट्ट धरून.

उतरायला वेळ लागला. बजबजच्या बायका खाली येऊन निरोप घेऊन गेल्या, मंजुषा फोटो श्रीकांतला पाठवत बाजूला उभी राहिली, कारण आता तिला कुणी ओळखीचं भेटावं असंच वाटत होतं. सरलाबाई भावाशेजारी बाकावर बसल्या. श्यामरावांनी त्यांच्या चपला उचलून पायांपुढे सरळ जोडून ठेवल्या. मग श्यामराव खाली बघतच म्हणाले,

"सरले, वर काय आहे गं?"

तुला माहीत नाही होय, असं सरलाबाईंच्या अगदी ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. हा प्रश्न त्यांचा होता. उंबऱ्यात बसून त्यांनी विचारायचा आणि दादाने सांगायचं. त्यांनी भावाच्या हातांकडे बघितलं. बाक सोडून ते आता मंजुषाच्या चपलांवर होते. मेटावर सगळे वहाणा काढून पुढे जायचे. एवढ्या माणसांच्या वहाणा, तिथे कोल्ही-कुत्री, त्या राखायला कुणीतरी मागे राहत असणारच. कोण राहतं, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

क्षणभर पुन्हा तो मघाचा राग आला. इतकी वर्षं. मग त्यांना तो मुलगा दिसला, अर्ध्या डोंगरावर, पाठ कड्याकडे करून, गावभरच्या वहाणांमध्ये एकटा. सगळे वरून येईपर्यंत तो बसून असायचा, आणि उंबऱ्यात वाट बघणाऱ्या बहिणीला यंदा काय न्यायचं याचा विचार करायचा. सरलाबाईंना त्याची इतकी माया आली की राग कुठे गेला ते कळलं नाही.

त्यांनी सावकाश एक चप्पल घातली. मग दुसरी. पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडलं, घोट घोट पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसलं. श्यामराव मान वर करून वाट बघत होते.

"वर तळं आहे," सरलाबाई म्हणाल्या. "आरशासारखं. त्यात बदक आहे, बैलाएवढं."

"खरंच?"

"खरंच. मी माझ्या डोळ्यांनी बघून आले."

श्यामरावांनी वर, गाळणीच्या घुमटाकडे, पहिल्यांदाच नीट बघितलं. चेहरा असा उजळला की अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस वाटेना. सरलाबाईंनी त्यांच्या डोक्यावर हलकेच टपली मारली, आणि हात धरून त्यांना बाकावरून उठवलं.

"मोठा झालास की नेईन," त्या म्हणाल्या.